छप्पर घालताना फायर रेटिंग कसं बघायचं

उसाचा सीझन सुरू झाला की आमच्या कोल्हापूरकडं फडात पाचट पेटवतात, वारं असलं की ठिणग्या सरळ घरावर येतात, वर दिवाळीतले रॉकेट. म्हणून छप्पर घालताना नुसता रेट आणि रंग बघू नका.

आधी दुकानात फायर रेटिंग, म्हणजे छप्पर आगीला किती टिकतं ते, विचारा आणि टेस्टचा कागद मागा. क्लास ए, बी, सी असं लिहिलं असेल तर ते बाहेरून येणाऱ्या आगीचं. ही अमेरिकन टेस्ट, एएसटीएम ई १०८, त्यात छपरावर पेटतं लाकूड ठेवतात, ए साठी साधारण २ किलोचं, बी साठी अर्धा किलोचं, सी साठी जेमतेम १० ग्रॅमचे तुकडे. मिनिटांत किंवा तासांत सांगितलं तर ते वेगळं, आतून आग लागल्यावर छप्पर किती वेळ तग धरेल ते, त्याचं आपलं स्टँडर्ड आयएस ३८०९.

आता खरी गोम. रेटिंग अख्ख्या छपराचं असतं, नुसत्या वरच्या थराचं नाही, त्यामुळं खाली काय आहे ते वर चढून बघाच. मंगलोरी कौल भट्टीत भाजलेलं, ते काय पेटत नाही, पण त्याखालचे वासे, रीपा लाकडाच्या, आणि माळ्यावर उघडी जुनी वायर लोंबत असेल तर कौल काय करणार? ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आमच्या कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळताना आख्ख्या गावानं बघितलं, अजून पोटात कालवतं. वायरिंग बदलून पाइपातनं घ्या.

लोखंडी पत्रा जळत नाही, पण ५५०-६०० डिग्रीला लोखंडाची ताकद निम्म्यावर येते आणि अँगल वाकतात. उन्हासाठी पफ पॅनल, म्हणजे दोन पत्र्यांत फोम भरलेलं, घालणार असाल तर आतला फोम पेटतो, धूर विषारी असतो, त्यापेक्षा थोडे जास्त पैसे घालून रॉकवूलचं, म्हणजे दगडाच्या तंतूंची लोकर भरलेलं, घ्या. उजेडासाठी पेटणाऱ्या फायबर पत्र्याऐवजी काचेचं कौल बसवा.

आणि वळचण. कौलांच्या टोकाला जी भोकं राहतात तिथं चिमण्या काड्या-गवत भरतात, ठिणगीला तेवढं बास. पिल्लं उडून गेल्यावर घरटी काढून भोकं सिमेंटनं नाहीतर बारीक लोखंडी जाळीनं बंद करा. पन्हळीतला वाळका पाला फड पेटायच्या आधी, म्हणजे दिवाळीच्या सुमारास काढा, मे महिन्यात शाकारणीला काढलेला पुरत नाही, कारण पावसाळ्यात परत साठतो.