एअर-कूल्ड पोर्शे ९११ला रेसिंगचा साज चढवताय? या चुका टाळा

डकटेल, म्हणजे मागची बदकाच्या शेपटीसारखी उचललेली कड, आधी बसवायची, रंगाचे पट्टे ओढायचे आणि ऑइल थंड ठेवणाऱ्या कूलरचं नंतर बघू म्हणायचं, हा क्रमच उलटा आहे. १९७३च्या ९११ कॅरेरा आरएस २.७ या मॉडेलची ती शेपटी शोभेसाठी आली नव्हती. वेगात गाडीचा मागचा भाग उचलला जायचा, तो दाबून ठेवायला ती लावली. मागची चाकं ७ इंच आणि पुढची ६ इंच रुंद, तीही इंजिनाचा सगळा भार मागच्या ॲक्सलच्याही पाठीमागे म्हणून. या गाडीचं रूप कामातून घडलंय. त्यामुळे आधी काम, मग रूप.

पुण्यात पहिलं काम तापमानाचं. एप्रिल-मेच्या दुपारी पारा ४०च्या आसपास, आणि गाडी नळ स्टॉपच्या सिग्नलला अडकलेली. एअर-कूल्ड, म्हणजे हवेने थंड होणाऱ्या या इंजिनाला रेडिएटर नाही. थंडावा देणारा पंखा बेल्टवर इंजिनाबरोबरच फिरतो, म्हणजे आयडलिंगला त्याचाही वेग कमी. उरलेली उष्णता ऑइल वाहून नेतं. अशा इंजिनाभोवतीचे पत्रे ‘वजन कमी करायला’ काढून टाकणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. ते पत्रे आणि कडेचं रबर खालची, एक्झॉस्टची गरम हवा वर येऊ देत नाहीत. ते काढले की पंखा तीच तापलेली हवा पुन्हा ओढतो. रात्री इंजिनाखाली दिवा ठेवून वरून झाकण उघडून बघा. कडेने जिथे उजेड दिसेल, तिथे फट आहे. ती आधी बुजवा.

ताकद वाढवणार असाल तर पुढच्या उजव्या मडगार्डमध्ये ऑइल कूलर हवाच, आणि त्यावर थर्मो-स्विचचा, म्हणजे ऑइल तापलं की आपोआप सुरू होणारा इलेक्ट्रिक पंखासुद्धा. नुसता कूलर घाटात उपयोगी पडतो, कर्वे रोडवर नाही. उभ्या गाडीला वारा कुठून मिळणार?

आता धुराचं. ‘निळा धूर येतोय, पिस्टनच्या रिंग गेल्या’ असं सांगून इंजिन उतरवलं जातं आणि बऱ्याचदा दोष निघतो ऑइल जास्त भरल्याचा. हे ड्राय संप इंजिन आहे, ऑइल वेगळ्या टाकीत असतं. इंजिन पूर्ण गरम, गाडी सपाट जागी आणि इंजिन चालू, अशा स्थितीतच डिपस्टिक बघायची. बंद गाडीत बघितली तर ऑइल कमी दिसतं, कारण थोडं इंजिनात उतरलेलं असतं. मग वरून आणखी ओतलं जातं, जास्तीचं ऑइल ब्रीदरच्या नळीतून इंजिनाच्या हवा ओढण्याच्या वाटेत (इनटेकमध्ये) जातं आणि धूर सुरू. रात्रभर उभ्या गाडीने सकाळी क्षणभर धूर सोडला तर घाबरू नका. आडव्या सिलिंडरच्या इंजिनाला ते साहजिक आहे.

टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हजवळची फट ०.१ मिमीला लावायची, इंजिन पूर्ण थंड असताना, म्हणजे रात्रभर उभं ठेवल्यावर. आवाज अजिबात येत नाही म्हणून खूश होऊ नका. घट्ट टॅपेट गप्प असतात आणि व्हॉल्व्ह जाळतात.

पेट्रोलकडेही बघा. ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून कार्बोरेटरच्या जुन्या जेटवर (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रांवर) मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि हेड जास्त तापतं, म्हणून वेबर कार्बोरेटर लावले तर जेट नव्याने जुळवून घ्या. जुने रबरी पाइप इथेनॉलने खराब होतात आणि इथे ते तापलेल्या इंजिनाच्या डोक्यावरच असतात. आगीचा धोका खरा आहे. नाना पेठेत पाइप घेताना इथेनॉलला टिकणाराच मागा.

गाडी खाली बसवण्याची घाई तर सगळ्यांनाच असते. १९८९पर्यंतच्या ९११ला मागे स्प्रिंग नाही, टॉर्शन बार आहे, म्हणजे पीळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारा दांडा. त्याच्या आतल्या टोकाला ४० दाते, बाहेरच्या टोकाला ४४. आत एक दाता सरकवला की ९ अंश, बाहेर एक दाता उलटा फिरवला की साधारण ८.२ अंश मागे. म्हणजे दोन्ही मिळून जेमतेम ०.८ अंशाचा बदल साधतो. हे काम बसून, मोजून, दोन्ही बाजू जुळवून करायचं असतं. अंदाजाने केलं तर गाडी एका अंगावर कलते. पुढून खाली केली की स्टिअरिंग चाकांना जोडणाऱ्या टाय रॉडचा कोन बिघडतो आणि खड्ड्यावर स्टिअरिंग स्वतःच ओढ घेतं; त्यासाठी स्टिअरिंग रॅकखाली स्पेसर टाकावे लागतात. शिवाय आपल्या सोसायट्यांचे स्पीडब्रेकर लक्षात घ्या. ट्रॅकची उंची ट्रॅकवरच ठीक.

ब्रेक इंजिनाच्या आधी. फ्लुइड हवेतला ओलावा शोषतं, म्हणून दर पावसाळ्यानंतर बदला, जुने होजही. ताम्हिणी उतरताना ते उकळलं तर पेडल तळाला जातं. आणि ओल्या वळणावर मध्येच ॲक्सिलरेटर सोडू नका. भार पुढे सरकतो, मागचे टायर पकड सोडतात आणि गाडी फिरते. रुंद टायरनेही हे पूर्ण थांबत नाही.

शेवटी कागदपत्रं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२नुसार आरसीवरच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल चालत नाहीत. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. गाडी ५० वर्षांहून जुनी असेल तर २०२१च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी मिळू शकते, पण चासी, बॉडी आणि इंजिन मूळ रूपात असतील तरच. मडगार्ड कापून रुंद केले की ती वाट बंद होऊ शकते. बोल्टने बसणारे, पुन्हा काढता येणारे भाग निवडा, मूळ भाग कपड्यात गुंडाळून जपून ठेवा, आणि कटर हातात घेण्याआधी आरटीओत विचारून या.