परदेशी भाषेची डिग्री घेताय? गावाकडच्या पोरापोरींनो, या चुका टाळा

आमच्या वरूड तालुक्यात पोरगी बारावी झाली की नर्सिंग, डीएड नाहीतर बीएस्सी, एवढंच लोकांना माहीत असतं. त्यामुळे मी जपानी भाषेत बीए करायला दिल्लीला चालली हे कळलं तेव्हा शेजारच्या काकांनी बाबांना विचारलं, "जपानी शिकून का करन ते पोट्टी?" बाबांना उत्तर देता आलं नाही आणि तेव्हा मलाही आलं नसतं. आता बीए झालं, एमए झालं, मी अनुवादाचं काम करते आणि दर उन्हाळ्यात आजूबाजूच्या गावातून चार-पाच जणांचे फोन येतात, ताई हे कसं करायचं, ते कसं करायचं. तेच सगळं इथं एकदा लिहून ठेवते. यातल्या बऱ्याच चुका मी केलेल्या आहेत, काही हॉस्टेलमधल्या मैत्रिणींनी.

सगळ्यात मोठी चूक आधी सांगते, कारण बाकीच्या अर्ध्या चुका तिच्यातूनच निघतात. ती म्हणजे नवी भाषा इंग्रजीतून शिकणं आणि आपली मराठी, आपली वऱ्हाडी वर्गाच्या बाहेर चपलेसारखी काढून ठेवणं.

मी पहिले सहा महिने हेच केलं. पुस्तक इंग्रजीत, वर्गात समजावणं इंग्रजीत, म्हणून मी डोक्यात आधी मराठीचं इंग्रजी करायची आणि मग इंग्रजीचं जपानी, आणि माझं इंग्रजी तेव्हा कच्चं होतं म्हणजे दोन्हीकडं मार खायची. एका रात्री हॉस्टेलच्या जिन्यात बसून होमवर्क करताना वाक्याखाली सहज मराठी लिहिलं. वाताशि वा मिझु ओ नोमिमासु. मी, पाणी, पिते. शब्दांचा क्रम जसाच्या तसा! इंग्रजीत "पिते" मधे येतं, जपानीत आपल्यासारखं शेवटी. मग पुढचं वाक्य, नागपूर नि इकिमासु, म्हणजे नागपूरले जाते. तो "नि" म्हणजे आपला "ले" आहे हो! "मले दे" मधलाही तोच आणि "नागपूरले जातो" मधलाही तोच, जपानीतही दोन्ही ठिकाणी "नि" चालतो. "कारा" म्हणजे "हून", टोकियो कारा, टोकियोहून. आपण प्रत्यय नावाच्या मागे लावतो, तेही मागेच लावतात.

आणि खरी मजा तर पुढं आहे. जपानीत "मिरु" म्हणजे बघणं, आणि ताबेते मिरु म्हणजे खाऊन बघणं. "ओकु" म्हणजे ठेवणं, कात्ते ओकु म्हणजे घेऊन ठेवणं. ताबेते शिमाऊ म्हणजे खाऊन टाकणं, संपवून टाकणं, चुकून खाल्लं गेलं तरी हेच. इंग्रजी पुस्तकात या प्रत्येकाला अर्धं-अर्धं पान समजावलेलं होतं आणि वर्गातल्या इंग्लिश मीडियमच्या मुली ते पाठ करत होत्या, आणि आमच्या घरी तर आई रोज म्हणते, बाई जरा भाजी चाखून बघ, कांदे घेऊन ठेव, उरलेलं खाऊन टाक. त्या रात्री मला झोप आली नाही. एवढं सगळं आपल्याकडं आधीच होतं आणि मी सहा महिने ते बाहेर ठेवून आत बसत होते.

कोरियन घेणाऱ्यांनाही हेच, तिथंही क्रियापद शेवटी. जर्मन घेतलं असेल तर तीन लिंगांना घाबरू नका, तो-ती-ते आपल्याकडं आहेच, हिंदीवाल्यांना "ते" नाही. पण इथं एक सावधगिरी पाहिजे. कल्पना आपली असली तरी प्रत्येक शब्दाचं लिंग त्यांचं आहे. जर्मनमधे सूर्य बाई आहे, डी झोन, आणि मुलगी नपुंसकलिंगी आहे, दास मेडशेन, म्हणजे आपल्या "ते पोरगं" सारखं काहीतरी. यवतमाळकडची माझी रूममेट मराठीच्या भरवशावर अंदाजे लिंग लावत राहिली आणि दुसऱ्या सेमिस्टरपर्यंत ती सवय मोडली नाही. नवा शब्द वहीत लिहायचा तो डेर (तो), डी (ती), दास (ते) लावूनच लिहायचा, सुटा लिहूच नका.

तसंच मराठी कुठं साथ सोडते तेही ओळखावं लागतं. आपण बाहेरच्या माणसाला आपल्या साहेबांबद्दल सांगताना आदरानंच बोलतो, "आमचे साहेब येत आहेत". जपानीत नेमकं उलटं, बाहेरच्याशी बोलताना आपल्या ऑफिसचा साहेब हा आपल्या घरचा माणूस, त्याच्या नावापुढं "सान" लावायचं नाही. स्वतःची आई बाहेरच्याशी बोलताना "हाहा", दुसऱ्याची आई मात्र "ओकाआसान". हे मला पाठ करूनच यावं लागलं, इथं मराठीचा उपयोग झाला नाही.

उच्चारांचं वेगळंच आहे. बरेच जण ऐकायच्या आधी वाचतात आणि तेही इंग्रजी अक्षरांतून वाचतात, मग फ्रेंचचा, स्पॅनिशचा, रशियनचा त आणि द सरळ ट-ड होऊन जातो. त्या भाषांत जीभ दातालाच लागते, आपल्या त-द सारखी. जर्मनमधे रेल्वेला त्सूग म्हणतात, आता तो "त्स" इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीला सहसा येत नाही म्हणून लोक झगडतात, पण आपला "चूल" मधला च म्हणजे तोच की, "चहा" मधला नाही, "चूल" मधला. जपानी त्सुलाही तोच. उलट ऱ्हस्व-दीर्घ ही आपली कमजोरी, बोलताना आपण दिन आणि दीन सारखंच बोलतो. जपानीत ते चालत नाही, ओबासान म्हणजे काकू-मावशी आणि ओबाआसान म्हणजे आजी. मी एका पाहुण्या बाईंना आजी म्हणून बसले होते, त्या जेमतेम चाळिशीच्या होत्या. मोबाईलवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करा आणि मूळ आवाजाशी लावून ऐका, रोज दहा मिनिटं, याला दुसरा इलाज नाही.

लिपी मात्र लवकर धरा. जपानीचा तक्ता अ इ उ ए ओ असा सुरू होतो आणि पुढं क, स, त, न, ह, म, य, र, व असा जातो, तो क्रम संस्कृत वर्णमालेच्या वळणावरच बेतलेला आहे, त्यामुळे हिरागाना म्हणजे त्यांची 46 साधी अक्षरं आपल्याला दोन आठवड्यात येतात. पण देवनागरीत उच्चार लिहून ठेवायची सवय महिनाभराच्या पुढं नेऊ नका. पुढं 2136 कांजी, म्हणजे चिनीतून आलेली चित्रासारखी अक्षरं, उभी असतात, तिथं देवनागरी कामाची नाही.

आता गप्प बसण्याबद्दल. ही चूक गावाकडच्या पोरांची खास आहे आणि मला तिच्याबद्दल मनापासून वाईट वाटतं. आपण डोळ्याला डोया म्हणतो, पुण्या-मुंबईचे हसतात, दिल्लीत आपल्या हिंदीला हसतात, इंग्रजीला तर विचारूच नका, मग पोरगं ठरवून टाकतं की वर्गात तोंड उघडायचं नाही. इतिहासाच्या वर्गात गप्प बसून पास होता येतं, भाषेच्या वर्गात गप्प बसलेला माणूस तीन वर्षांनी वाचू शकतो पण बोलू शकत नाही. आणि एक लक्षात घ्या, जपानीच्या पहिल्या तासाला सगळे शून्यावर असतात, दिल्लीची पोरगी आणि मोर्शीचा पोट्टा एकाच ठिकाणी उभे. हसणारे हसतील तेव्हा बोलून घ्या. मी मागच्या बाकावरून दुसऱ्या बाकावर आले ते दुसऱ्या वर्षी, पहिल्याच दिवशी यायला पाहिजे होतं.

ॲनिमे आणि के-ड्रामा बघून बोलणं शिकलात तर आणखी एक. कान तयार होतो, चांगलं आहे, बघा. पण हिरो मित्राला "ओमाए" म्हणतो तसं मॅडमना म्हणालात तर ते सरळ "काय बे तू" म्हटल्यासारखं आहे.

ॲडमिशनच्या चुका आता भराभर सांगते. बारावी कोणत्याही शाखेची चालते, भाषा आधीपासून यायलाच पाहिजे असं नाही, बीएला शून्यापासून शिकवतात. 2022 पासून केंद्रीय विद्यापीठांचं बीए सीयूईटी या सामायिक प्रवेश परीक्षेवर आहे, फॉर्म बोर्डाच्या परीक्षेच्या आसपास किंवा त्याही आधी येतो आणि आपण निकालाची वाट बघत बसतो, तोवर तो बंद झालेला असतो. नेट कॅफेवाल्याच्या हातात फॉर्म देऊन चहा प्यायला जाऊ नका, माझ्या मावसभावाचे पेपर त्यानंच मनानं निवडले आणि ज्या कोर्ससाठी फॉर्म भरला त्याला ते चालतच नव्हते, एक वर्ष गेलं. विद्यापीठाच्या माहितीपत्रकात त्या कोर्सला कोणते पेपर लागतात ते स्वतः वाचा. ओबीसी असाल तर नॉन-क्रिमीलेयर केंद्राच्या नमुन्यातलं लागतं, राज्याचं चालत नाही, आणि बहुतेक ठिकाणी त्या वर्षीच्या 1 एप्रिलनंतर काढलेलं मागतात. व्हीजेएनटी, एसबीसी हे प्रवर्ग केंद्रात नाहीत, आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का ते आधी बघा. तहसीलच्या चकरा आपल्याला माहीत आहेत, म्हणून एप्रिल लागला की पहिलं काम हेच.

दिल्लीचं जेएनयू आणि हैदराबादचं इफ्लू (इंग्रजी आणि परदेशी भाषांचं विद्यापीठ) ही नावं सगळे सांगतात, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, पण वर्धेचं 1997 सालचं महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विद्यापीठ आपल्या दारात असून कोणी सांगत नाही. तिथं परदेशी भाषांचे कोर्स आहेत आणि वर परदेशातून हिंदी शिकायला विद्यार्थी येतात, म्हणजे बोलायला माणूस इथंच मिळतो. भाषा निवडताना रीलवाल्यानं सांगितलेला "स्कोप" बघू नका. तीन वर्षं जिच्यासोबत उठायचं-बसायचं ती भाषा कानाला गोड लागते का ते बघा.

सर्टिफिकेटच्या परीक्षांचाही घोळ होतो. जपानीच्या जेएलपीटी परीक्षेत एन5 सगळ्यात सोपी आणि एन1 सगळ्यात अवघड, तिच्यात बोलायची परीक्षाच नाही, त्यामुळे एन3 पास झालेली पोरं इंटरव्ह्यूत अडखळतात. कोरियनच्या टोपिकचा निकाल दोनच वर्षं चालतो, पहिल्याच वर्षी हौसेनं देऊन टाकली तर नोकरीच्या वेळी पुन्हा पैसे भरा. फ्रेंचच्या डेल्फला मात्र मुदत नाही.

शेवटी संस्कृतीच्या पेपरबद्दल, तो लोक सोपा समजून सोडून देतात. मी पहिला प्रोजेक्ट जपानी चहाच्या विधीवर केला, सगळं नेटवरून, सरांनी वाचून एवढंच विचारलं की यात तुझं काय आहे. मला सांगता आलं नाही. पुढच्या सेमिस्टरला मी निचिदात्सु फुजी गुरुजी या जपानी बौद्ध भिक्खूंवर लिहिलं, ते 1933 मधे वर्धेला गांधीजींना भेटले, वर्धेचा विश्वशांती स्तूप त्यांच्याच परंपरेतला. कामठीचं ड्रॅगन पॅलेस जपानी मदतीनं 1999 मधे उभं राहिलं, आपण तिथं सहलीला जातो आणि फोटो काढून येतो. चिनी शिकणाऱ्यांनी 1938 मधे भारतातून चीनला गेलेल्या वैद्यकीय पथकाचं वाचावं, डॉ. कोटणीस सगळ्यांना माहीत, त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकर होते. स्पॅनिशवाल्यांना तर मी आमच्या बागेतल्या संत्र्याचंच सांगते, संस्कृतातलं नारंग फारसीत गेलं, तिथून अरबीत नारंज, तिथून स्पॅनिशमधे नारांखा. कापसाचं तेच, कार्पास ग्रीकमधे कार्पासोस झालं. फारसी घेतली तर सातबाऱ्याच्या अवतीभवतीचेच शब्द भेटतात, जमीन, अर्ज, दस्तऐवज. असा विषय घ्या की जिथं तुमच्या घराची एक बाजू लागून आहे, मग पंधरा पानं कमी पडतात.

आणि दिवाळीची सुट्टी. गावी आलं की सोयाबीन, कापूस, पाहुणे, महिनाभर भाषा तोंडात येत नाही आणि परत गेल्यावर पहिला महिना उजळणीत जातो. मी दुसऱ्या वर्षापासून संध्याकाळी बाबांसोबत वावरात जायची आणि जे दिसेल त्याचं वाक्य मोठ्यानं बोलायची, झाड, पाणी, बैल, मोटार बंद पडली. बाबा ऐकत राहायचे. एक दिवस त्यांनी संत्रं तोडून हातात दिलं आणि विचारलं, याले काय म्हणतेत तिकडं? मी म्हटलं मिकान. आता फोनवर बहार कसा आला हे सांगताना ते मिकानच म्हणतात.