लॅक्टोजचं प्लास्मिड गळलंय का? असं तपासा

प्लास्मिड म्हणजे जिवाणूच्या गुणसूत्राबाहेरचा डीएनएचा सुटा तुकडा. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, वापरायची जनुकं त्यावर असतील आणि तो गळला, तर जिवाणूला ती साखर वापरता येत नाही. सांगलीत मे महिन्यात प्रोजेक्ट करणाऱ्या पोरांना मी आधी हेच सांगते, साधा इनक्युबेटर ३० अंशांवर लावून उपयोग नाही, खोलीच ३८ ला असते. थंड करणारा बीओडी इनक्युबेटर धरा.

कल्चर लॅक्टोकोकस लॅक्टिस या दूध आंबवणाऱ्या जिवाणूचं, शुद्ध, मागवलेलं. घरचं विरजण नको, त्यात कोण कोण नांदतंय कुणास ठाऊक. स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस हा दुसरा जिवाणूही नको, त्याची लॅक्टोजची जनुकं गुणसूत्रावरच असतात. लॅक्टोकोकसच्या डेअरी जातींत ती सहसा प्लास्मिडवर असतात. अमेरिकेत मिनेसोटात शास्त्रज्ञ लॅरी मॅके यांनी १९७० च्या दशकात यावर पायाभूत काम केलं.

कल्चर ग्लुकोज ब्रॉथमध्ये, म्हणजे पातळ माध्यमात, ३७ अंशांना वाढवा आणि थोडं थोडं काढून काही वेळा नव्या ब्रॉथमध्ये न्या. लॅक्टोजवर प्लास्मिड गमावलेली पेशी उपाशी मागे पडते, ग्लुकोजवर तिचं काही अडत नाही. अॅक्रिफ्लेविननेही प्लास्मिड जातं, पण असली रसायनं मी पोरांच्या हाती देत नाही.

मग पातळ करून (डायल्यूशन) लॅक्टोज आणि ब्रोमोक्रेसॉल पर्पल या आम्लात रंग बदलणाऱ्या रंगद्रव्याच्या प्लेटवर पसरा, ३० अंश, एक-दोन दिवस. आम्ल करणाऱ्या कॉलनीभोवती पिवळं होतं. आपल्याला हव्यात त्या बारक्या, फिकट, लॅक्टोजपासून आम्ल न करणाऱ्या. एम १७ माध्यम इथे वापरू नका, त्यातला ग्लिसरोफॉस्फेट बफर आम्ल गिळतो आणि रंग नीट उठत नाही.

फिकट कॉलनी दिसली म्हणून नाचू नका. ती चार नळ्यांत टाका: नुसतं निर्जंतुक स्किम दूध, दूध आणि ग्लुकोज, दूध आणि केसीन हायड्रोलायसेट (आधीच तोडलेलं दुधातलं प्रथिन), दूध आणि दोन्ही. ग्लुकोजने गोठलं तर फक्त लॅक्टोज गेलंय. हायड्रोलायसेटने गोठलं तर प्रोटीनेज हे प्रथिन तोडणारं एन्झाइम गेलंय, म्हणजे दुधातलं केसीन तोडता येत नाही. दोन्ही घातल्यावरच गोठलं तर दोन्ही गुण गेलेत. हे नेहमीचंच, कारण ही जनुकं पुष्कळदा एकाच प्लास्मिडवर असतात. मला ही चौथी नळी सगळ्यात बोलकी वाटते.

शेवटी डीएनए काढून जेलवर धाववा, तिथे प्रत्येक प्लास्मिडचा पट्टा दिसतो. मूळ कल्चर शेजारच्या रकान्यात हवंच. एका जातीत अनेक प्लास्मिडं असतात, त्यामुळे सगळे पट्टे जाणार नाहीत. एखादा नाहीसा होतो, किंवा नुसता खाली सरकतो, म्हणजे तुकडाच गळालाय. एनसीडीओ ७१२ या लॅक्टोकोकस जातीतलं लॅक्टोज प्लास्मिड सुमारे ५५ हजार बेसजोड्यांचं आहे. एवढं मोठं, नळी जोरात हलवणाऱ्या व्होर्टेक्स यंत्रावर तुटतं. नळी हातानेच हळू उलटीसुलटी करा.