सेल्फ घेत नाही म्हणून पार्ट बदलताय? जुन्या स्पोर्ट्स कारच्या वायरिंगमध्ये या चुका टाळा

लातूरला आमच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये १९६५ची ट्रायम्फ स्पिटफायर ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार उभी आहे. पुण्याहून टेम्पोत घालून आणली तेव्हा इंजिन वेगळं, सीट वेगळ्या आणि सगळी वायरिंग गुंडाळून डिकीत कोंबलेली होती. चेसिस, बॉडी, रंग हे काम दोन वर्षांत उरकलं. खरा कस लागला तो चावी फिरवायची वेळ आली तेव्हा. पहिल्या सहा महिन्यांत मी दोन बॅटऱ्या, एक सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर), दोन कॉइल (प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या) आणि एक कंडेन्सर (इग्निशनमधला छोटा भाग) बदलला. त्यात खरोखर गेलेला होता तो फक्त कंडेन्सर. म्हणून दुकानात जाण्याआधी हे वाचा, एवढी विनंती आहे.

रंग सुंदर दिला, अर्थ मात्र तुटला

नव्याने बांधलेल्या गाडीतला सगळ्यात मोठा दोष हाच. स्पिटफायरचं इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं, त्यामुळे इंजिन आणि बॉडी यांच्यात विजेचा भरवशाचा रस्ता एकच, अर्थची, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणारी, जाड पट्टी. सेल्फ फिरताना शंभराहून जास्त अँपिअर ओढतो, आणि जेवढा करंट बॅटरीतून जातो तेवढाच परत यावा लागतो. आम्ही चेसिस वाळूजला नेऊन पावडर कोटिंग करून आणली आणि मी ती पट्टी त्या चकचकीत थरावरच आवळली. पावडर कोटिंगमधून वीज जात नाही, हे त्या वेळी डोक्यातच आलं नाही.

मे महिन्यातली संध्याकाळ होती. मामा ड्रायव्हरच्या सीटवर, मी बॉनेटपाशी. ‘मारा मामा’ म्हटलं. सेल्फ दोनदा घरघरला आणि दमला. तेवढ्यात मामा ओरडले, ‘अरे, धूर कशाचा येऊ लागलाय?’ डॅशबोर्डखाली जळक्या प्लास्टिकचा वास भरला होता. चोकच्या केबलचं आवरण मऊ होऊन फुगलं होतं, बोट लावलं तर चटका बसला. पट्टीतून रस्ता नाही म्हणून सेल्फचा सगळा करंट त्या काडीएवढ्या केबलमधून परत जात होता. मी मात्र तोवर बॅटरीला दोष देत होतो.

याची तपासणी पाच मिनिटांची आहे. कॉइलची लाईन काढून ठेवा म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा. एक टोक इंजिनच्या ब्लॉकवर, घासून उघड्या केलेल्या लोखंडावर. दुसरं बॅटरीच्या अर्थच्या पोलवर, म्हणजे थेट शिशाच्या खुंटावर, क्लॅम्पवर नाही. आता कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. मीटर ०.२ ते ०.३ व्होल्टच्या आत राहिला तर अर्थ चांगला. आमच्याकडे ४ व्होल्टच्या वर गेला होता. बारा व्होल्टांतले चार वाटेतच गेले तर सेल्फ फिरणार कसा? पट्टीखालचा रंग पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत घासला, दातेरी चकती (स्टार वॉशर) टाकून बोल्ट आवळला आणि वरून ग्रीस लावलं. तोच जुना सेल्फ पहिल्या झटक्यात फिरला.

दिव्यांचंही तसंच आहे. या गाडीचं पुढचं अख्खं तोंड, फेंडरसकट, पुढच्या बाजूला उलटतं आणि हेडलाईट त्यातच आहेत. तिथल्या वायरी रोज वाकतात आणि बुलेट कनेक्टरचं पितळ हिरवट-काळं पडतं. इंडिकेटर लावल्यावर पार्किंग लाईट मिणमिणत असेल तर बल्ब बदलू नका, त्या दिव्याची अर्थची वायर शोधा.

सगळ्या गाड्यांचा मायनस अर्थ असतो असं धरून चालणं

साठच्या दशकातल्या बऱ्याच ब्रिटिश गाड्यांचा प्लस बॉडीला जोडलेला असतो. स्पिटफायर १९६७च्या मार्क ३ पासून मायनस अर्थवर आली, माझी त्याआधीची. बॅटरी बसवायला आलेल्या इलेक्ट्रिशियनने सवयीने मायनस बॉडीला जोडला. मीही बघितलं नाही. सेल्फ व्यवस्थित फिरला, कारण या सेल्फची दिशा बॅटरी उलटी जोडली तरी बदलत नाही. म्हणून शंकाच आली नाही. पण डिस्ट्रिब्युटरमध्ये, म्हणजे प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या भागात, बसवलेला इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा किट चावी फिरवताक्षणी गेला.

बॅटरीला हात लावण्याआधी जुनी केबल कुठे जाते ते बघा आणि बल्कहेडवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) पेंटने मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. कॉइलची खूण अशी: डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी वायर कॉइलच्या ज्या टोकाला, त्याचं चिन्ह अर्थच्या चिन्हाचंच हवं. प्लस अर्थ तर प्लस. उलटं जोडलं तर गाडी चालते, पण ठिणगी अशक्त होते आणि गरम इंजिन सुरू होताना त्रास देतं. बॅटरी काढताना अर्थची केबल आधी काढायची आणि जोडताना शेवटी जोडायची, हा नियम सगळ्यांना माहीत असतो. प्लस अर्थच्या गाडीत ती आधी काढायची केबल प्लसची असते, हे मात्र विसरायला होतं.

हेडलाईट न लावताच सेल्फ खोलणं

हेडलाईट लावा आणि सेल्फ मारा. दिवे अगदी मंद झाले तर बॅटरी उतरली आहे, क्लॅम्प ढिले आहेत किंवा सेल्फचा पिनियन (छोटं दातेरी चाक) इंजिनच्या फ्लायव्हीलमध्ये अडकला आहे. दिवे तसेच लख्ख राहिले तर करंट सेल्फपर्यंत पोचतच नाही. सोलेनॉइड (सेल्फला करंट सोडणारा मोठा स्विच), चावीचा स्विच आणि त्यांच्यामधली वायर तपासा. अडकलेला पिनियन सोडवायला सेल्फच्या मागच्या टोकाला चौकोनी शाफ्ट असतो, तो पान्याने फिरवला की सुटतो. त्यासाठी सेल्फ उतरवायची गरज नाही.

बॅटरी रात्रभर ठेवून मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. सेल्फ मारताना ९.६च्या खाली गेली तर ती थकली आहे. आणि हात जोडून सांगतो, बॅटरीत बोअरचं पाणी घालू नका. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने चहाच्या पातेल्याला पांढरा थर बसतो, मग प्लेटांचं काय होत असेल? डिस्टिल्ड वॉटरच घाला.

कॉइल, पॉइंट, कंडेन्सर एकदम बदलणं

तिन्ही एकदम बदलले की दोष कशात होता ते कधीच कळत नाही, आणि नव्यातलं एखादं खराब निघालं तर कोडं दुप्पट होतं. गाडी वीस मिनिटं चालून बंद पडते, गार झाली की पुन्हा सुरू होते, पॉइंटवर, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधल्या कॉइलचा करंट तोडणाऱ्या स्विचवर, मोठी पिवळसर ठिणगी दिसते. ही लक्षणं कंडेन्सरची. जुना चांगला चालणारा कंडेन्सर कधीही फेकू नका. पॉइंटचं अंतर ०.०१५ इंच, म्हणजे जेमतेम ०.४ मिलिमीटर. कॉइल घेताना ओहम मोजून घ्या. बॅलास्ट (कॉइलच्या आधीचा रेझिस्टन्स) नसलेल्या गाडीला साधारण ३ ओहमची लागते. दीड ओहमची बॅलास्टवाली थेट जोडली तर ती भाजेल आणि पॉइंटही जाळेल.

काचेचा फ्यूज आणि लाल वायर

ब्रिटिश काचेच्या फ्यूजवर ३५ लिहिलेलं असतं, पण तो ३५ अँपिअरला उडतो, सतत जेमतेम १७ सोसतो. त्या जागी हल्लीचा ३५चा फ्यूज घातला तर आधी वायर जळते. शिवाय तपकिरी आणि पांढऱ्या लाईनला मूळ फ्यूजच नाही. तपकिरी कायम चालू, पांढरी चावीवर, हिरवी चावीवर पण फ्यूजमधून, काळी अर्थ. ही भाषा मोडू नका. माझ्या गाडीत आधीच्या कोणीतरी सगळीकडे लाल वायर ओढली होती. ती उलगडायला मला अख्खा श्रावण लागला. पांढऱ्यावरून हॉर्न किंवा म्युझिक सिस्टीम घेऊ नका, आणि बॅटरीजवळ कटऑफ स्विच नक्की बसवा.

सोयाबीनच्या सुगीनंतर उंदीर शेडमध्ये येतात, तेव्हा हार्नेसची, म्हणजे वायरींच्या जुडग्याची, पूर्ण लांबी एकदा बोटांनी चाचपा.

उरला उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये गाडी मांजरसुंबा घाटात बंद पडली की लोक पहिल्यांदा कॉइल उपटतात. आधी एक प्लग काढा, वायरला लावून कार्बोरेटरपासून लांब, ब्लॉकला टेकवून ठेवा आणि सेल्फ मारा. ठिणगी निळी आणि टकटक आवाजाची असेल तर वायरिंगला हात लावू नका. पेट्रोलची वाफ झाली आहे. इंजिनवरच्या पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं ठेवा, बॉनेट उघडी टाका आणि पंधरा-वीस मिनिटं सावलीला बसा.