गूळ-खोबऱ्याचे गोड टोस्ट सँडविच

गोड सँडविच बिघडते ते बहुतेक वेळा ओल्या सारणामुळे किंवा मोठ्या आचेमुळे. या दोन गोष्टी सांभाळल्या, तर मोदकाच्या सारणाच्या चवीचे खमंग सँडविच साधारण वीस मिनिटांत घरी तयार होते.

दोन सँडविचसाठी चार स्लाइस, अर्धी वाटी खवलेले ओले खोबरे, पाव वाटी चिरलेला गूळ, एक-दोन वेलची केळी, दोन चमचे साजूक तूप आणि चिमूटभर वेलचीपूड एवढे साहित्य पुरते. गूळ मंडईजवळच्या दुकानातून घ्या किंवा मार्केट यार्डातून, ‘साधा गूळ द्या’ असे स्पष्ट सांगावे. चिक्कीचा गूळ गार झाल्यावर कडक होतो आणि सारण दातांना चिकटते. बेकरीतून त्याच दिवशी आणलेला पाव फार मऊ असल्यामुळे सारण पसरताना फाटतो, म्हणून आदल्या दिवशीचा पाव मला अधिक योग्य वाटतो.

खरे काम सारणाचे आहे. जाड बुडाच्या कढईत गूळ आणि खोबरे एकत्र करून मंद आचेवर ठेवावे. गूळ विरघळला की मिश्रण आधी पातळ होते, आणि घाई झाली तर नेमक्या याच वेळी गॅस बंद केला जातो. पण तसे सारण पावात मुरते आणि सँडविच मधून लिबलिबीत होते. म्हणून मिश्रण ढवळत राहावे आणि ते कढईच्या कडा सोडून गोळा होऊ लागले, उलथने फिरवल्यावर कढईचा तळ क्षणभर कोरडा दिसू लागला, की लगेच उतरवावे. याहून जास्त परतल्यास खोबरे चिवट होते. वेलचीपूड शेवटी घालून सारण पूर्ण गार होऊ द्यावे. गणपतीत मोदकांचे सारण उरले असेल, तर हा सारा खटाटोप वाचतो.

स्लाइसच्या बाहेरच्या बाजूला तूप लावावे. लोण्यात पाणी आणि दुधाचा घन अंश असतो व तो तापल्यावर लवकर काळा पडतो. तूप कढवताना हे दोन्ही निघून गेलेले असल्यामुळे पाव एकसारखा तांबूस भाजला जातो. आतल्या बाजूला सारणाचा पातळ थर द्यावा, त्यावर केळ्याच्या चकत्या मांडाव्यात आणि कडेने बोटभर जागा मोकळी ठेवावी, कारण बाहेर आलेला गूळ टोस्टरवर जळून कडू होतो.

गॅसवर धरायचा जुना दोन पाळ्यांचा टोस्टर असेल तर उत्तमच. नसल्यास तव्यावर ठेवून वरून जड ताटलीने दाबावे. आच मंद ठेवून प्रत्येक बाजू दोन-तीन मिनिटे भाजावी. साखर किंवा गूळ घातलेला पदार्थ तिखट सँडविचपेक्षा लवकर करपतो, तेव्हा मध्ये एकदा उघडून रंग पाहण्यात काहीच गैर नाही.

उतरवल्यावर दोन-तीन मिनिटे थांबूनच कापावे. बाहेरचा पाव लवकर निवतो, पण आतला गूळ बराच वेळ चटका देण्याइतका गरम राहतो, हे मुलांना देताना विशेष लक्षात ठेवावे. टोस्टरला गूळ चिकटलाच, तर तो खरवडू नये; कोमट पाण्यात थोडा वेळ भिजवल्यास आपोआप सुटतो.