आडतवाल्याचा चार्ट: आधी स्टॉपलॉस, मग खरेदी

लातूरच्या मार्केट यार्डात आमची आडत. बाजार समितीच्या दरपत्रकावरची आवक, किमान, कमाल बघतच मोठा झालो, त्यामुळं शेअरच्या चार्टवरची कॅन्डल पहिल्याच दिवशी कळली. भाव कुठं उघडला, कुठवर चढला-उतरला, कुठं बंद झाला, एवढंच तिच्यात असतं. पद्धत मूळची जपानच्या तांदूळ व्यापाऱ्यांची, म्हणजे आपल्याच धंद्यातली माणसं!

चार्ट शेअर बाजार बंद झाल्यावर, साडेतीननंतरच उघडा. समोर हमाल कट्टे मोजतोय अन् हातात पाच मिनिटांचा चार्ट, असं करून मी दोन्हीकडं चुकलोय. डेली चार्ट घ्या, दोन वर्षांचा. भाव २०० दिवसांच्या सरासरीखाली असला तर शेअर सोडून द्या.

मग भाव कुठून माघारी फिरतो ते शोधा. समजा ४०० च्या आसपास तीनदा पडून तीनदा उठलाय. तिथं रेघ नको, ३९६ ते ४०४ असा पट्टा धरा. चौथ्यांदा तिथं येऊन ४१० ला बंद झाला, की व्हॉल्यूम बघा. व्हॉल्यूम म्हणजे त्या दिवशी किती शेअरांचे सौदे झाले ते, आपल्या यार्डातल्या आवकेसारखं. दहा कट्ट्यांना मिळालेल्या चढ्या दराला यार्डात कुणी दर म्हणत नाही.

आता हिशोब. खरेदी ४१०, पट्टा मोडला असं मानायचं ३९० ला; तिथं तोटा घेऊन विकायचं, हाच स्टॉपलॉस. शेअरमागं जोखीम २० रुपये. भांडवल एक लाख असेल तर एका सौद्यात १ टक्का, म्हणजे १,००० रुपयेच घालवायची तयारी. १,००० भागिले २०, म्हणजे ५० शेअर, २०,५०० रुपयांचे. खात्यात पैसे पडून आहेत म्हणून २०० घ्यायचे नाहीत. वरचा अडथळा, म्हणजे भाव चढून जिथून खाली फिरतो ती जागा, ४५० ला असेल तर ठीक. ४२० लाच असेल तर सौदा नको.

मी एकदा स्टॉपलॉस नुसता मनात ठेवला. भाव खाली गेला, म्हणलं येईल वर, अन् आणखी घेतले. सोयाबीन घरात ठेवून भावाची वाट बघणाऱ्या शेतकऱ्याला दुकानात बसून शहाणपण सांगणारा मी! अकरा हजार गेले.

तेव्हापासून खरेदी झाली की लगेच जीटीटी टाकतो, म्हणजे दिवस संपला तरी टिकणारी विक्रीची ऑर्डर. साधी स्टॉपलॉस ऑर्डर त्या दिवसापुरतीच असते. ट्रिगर, म्हणजे ज्या भावाला ऑर्डर जागी होते तो, ३९०; लिमिट, म्हणजे ज्याच्या खाली विकायचं नाही तो भाव, थोडी खाली, ३८५. तरी सकाळी सव्वानऊला भाव थेट ३८० ला उघडला तर ऑर्डर तशीच पडून राहते. मग हातानं विकून मोकळं व्हायचं.

आरएसआय, म्हणजे भावाच्या चढ-उताराचा जोर ० ते १०० मध्ये दाखवणारा आकडा, ७० च्या वर गेला म्हणून घाईनं विकू नका, तेजीतला शेअर तिथं आठवडेच्या आठवडे राहतो. ऑप्शनचं मला विचारू नका. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या २०२४ च्या अभ्यासात तीन वर्षांत वायदे-ऑप्शन करणाऱ्या ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडरांना तोटा झालेला दिसला.

प्रत्येक सौदा वहीत लिहा: का घेतला, स्टॉप किती, कधी विकला. माझ्या वहीत ‘का घेतला’ या रकान्यात सहा ठिकाणी ‘पाहुण्यानं सांगितलं’ असं लिहिलंय. सहाही तोट्यातले.