क्लास लागला, रंग का नाही? या चुका टाळा

रिअ‍ॅक्टमध्ये किंवा व्ह्यूमध्ये (दोन्ही वेबपाने बांधायची साधने) स्थितीनुसार क्लास, म्हणजे घटकाचे रंगरूप ठरवणारे नाव, बदलणे अवघड नाही, तरीही तपासायला येणाऱ्या कोडमध्ये त्याच त्या चुका दिसतात. त्यांतली सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे टेलविंड या तयार क्लास पुरवणाऱ्या साधनातल्या क्लासचे नाव तुकडे जोडून तयार करणे. 'बीजी-' (bg, पार्श्वभूमी), मग रंगाचे नाव, शेवटी '-500' असे जोडले की चार ओळी वाचतात, हे खरे. पण टेलविंड आपला कोड चालवून पाहत नाही, तो फाइली निव्वळ मजकूर म्हणून चाळतो आणि जे नाव सलग, पूर्ण लिहिलेले सापडते त्याचेच सीएसएस, म्हणजे दिसण्याचे नियम, तयार करतो.

इंदूरमध्ये राजवाड्याजवळच्या एका शेव-फरसाणाच्या दुकानासाठी आम्ही ऑर्डरींचा फलक केला होता. हाताखालच्या मुलाने रंग असेच जोडले होते आणि ते दिसतही होते, कारण नमुन्याच्या एका जुन्या पानात तीच नावे पूर्ण लिहिलेली होती. ऐन दिवाळीच्या तोंडावर ते पान निरुपयोगी म्हणून काढले गेले, नवे बिल्ड (तयार झालेली आवृत्ती) चढले आणि रद्द ऑर्डरींचा लाल रंग गेला. माल बांधणारी माणसे रंग पाहूनच काम करीत. त्यामुळे रद्द झालेली लवंग शेवही डब्यांत भरली जाऊ लागली. ब्राउझरच्या इन्स्पेक्टरमध्ये घटकावर क्लास बरोबर होता, मात्र स्टाइलच्या यादीत त्याचा एकही नियम नव्हता. ही खूण दिसली की अटी उलटसुलट करीत बसू नये. मी प्रत्येक स्थितीसमोर पूर्ण नाव असलेला तक्ता फाइलच्या माथ्यावरच ठेवतो. सेफलिस्टमध्ये, म्हणजे कोडमध्ये न सापडले तरी तयार करायच्या क्लासच्या यादीत, सगळे रंग कोंबणे हा निव्वळ आळस आहे. त्याने न लागणारे सीएसएसही ग्राहकाच्या फोनवर उतरते.

रिअ‍ॅक्टच्या घटकावर ब्राउझरच्या 'क्लासलिस्ट'ने परस्पर क्लास चिकटवणे हीसुद्धा घाईच. घटकाला क्लास देणाऱ्या 'क्लासनेम'ची किंमत बदलेपर्यंत तो टिकतो, बदलताच पुसला जातो. म्हणून "कधी चालते, कधी नाही" अशी तक्रार येते. क्लास स्टेटवरूनच, म्हणजे घटकाने जपलेल्या स्थितीवरूनच, ठरवावा.

टेम्प्लेट लिटरलमध्ये (बॅकटिक चिन्हांतल्या मजकुरात) अट 'अँड'ने (&&) जोडली, तर ती खोटी ठरल्यावर 'फॉल्स' नावाचाच क्लास लागतो. तिथे टर्नरी ('अट ? हे : ते' अशी रचना) किंवा क्लासनेम्स लायब्ररी वापरावी. व्ह्यूच्या ऑब्जेक्टमध्ये हायफन असलेले नाव अवतरणचिन्हांतच लिहावे. आणि दोन क्लास भांडत असतील, तर एचटीएमएलमधला त्यांचा क्रम बदलून काही होत नाही. समान स्पेसिफिसिटी (निवडकाचे वजन) असलेल्या नियमांत सीएसएसमध्ये नंतर येणारा जिंकतो.